शेवटचं पाणी

फेसावर आपला सगळ्यांचा जुना विश्वास आहे. बादलीत पावडर टाकून हात फिरवला आणि पाण्यावर पांढराशुभ्र थर चढला, की आता कपडे निघणार अशी खात्री वाटते. फेस धरला नाही तर काहीतरी कमी पडल्याची रुखरुख लागते. धुलाईयंत्र घरात आलं तरी हा विश्वास तसाच राहिला. समोरून उघडणाऱ्या यंत्राच्या गोल काचेआड फारसा फेस दिसेना, तेव्हा कितीतरी घरांत एका झाकणाचं दीड झाकण झालं आणि चमचा शिगोशीग भरू लागला. जास्त साबण ओतणाऱ्या माणसाच्या मनात वाईट काहीच नसतं. घरच्यांच्या अंगावर स्वच्छ कपडे असावेत, मुलांच्या गणवेशाला डाग राहू नये, एवढीच माया त्या हातात असते. म्हणूनच त्या मायेचं माप कसं ठरवायचं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

उत्तर शोधायचं तर आधी साबण पाण्यात काय करतो ते पाहावं लागतं. पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो. वरच्या थरातले रेणू आतल्या बाजूला ओढले जातात, त्यामुळे नुसतं पाणी धाग्यांच्या बारीक फटींत सहज शिरत नाही आणि तेलाच्या डागावर तर थेंब होऊन बसतं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून असतं, तर दुसरं लांब टोक पाणी टाळून तेलाकडे जातं. पाण्यात पडल्यावर हे रेणू आधी पृष्ठभागावर जागा घेतात आणि ताण सैल होतो. पंगतीतले पाट भरले की उरलेली मंडळी माजघरात घोळके करून थांबतात, तसंच पृष्ठभागावर जागा उरली नाही की पुढचे रेणू पाण्याच्या पोटात घोळके करतात. सुटून आलेलं तेल या घोळक्यांच्या आत जाऊन बसतं आणि पाण्याबरोबर वाहून जातं. कपड्यावर जितका मळ आहे तितका उचलून झाला, की त्यानंतरच्या साबणाला काही काम उरत नाही. तो पाण्यात राहतो, आणि पाणी कमी असेल तर कपड्यात राहतो.

फेस म्हणजे साबणपाण्याच्या पातळ पडद्यात कोंडलेली हवा. मळातलं तेल हा पडदा फोडतं, म्हणून अगदी मळक्या कपड्यांवर पहिल्यांदा फेस धरतच नाही. मळ सुटत गेला की हळूहळू फेस टिकायला लागतो. टिकलेला फेस एवढंच सांगतो, की मळाला पुरून साबण आता उरायला लागला आहे. फेस हे शिलकीचं माप आहे. पाण्यावर त्याचा पातळ थर टिकला, तर तो पुरे म्हणतो. बादलीच्या काठावरून तो बाहेर पडू लागला, तर तो थांब म्हणतो. आपण मात्र नेमकं याच ठिकाणी खूश होऊन आणखी एक मूठ टाकतो.

वाईला कृष्णेच्या घाटावर धुणं धुणाऱ्या माझ्या आजीला यातलं रसायनशास्त्र कोणी शिकवलं नव्हतं. पण शिलकीचा हिशोब तिच्या हातात पक्का होता. तिची साबणाची वडी सबंध कपड्यावर कधी फिरत नसे. सदऱ्याची कॉलर, बाह्यांची टोकं, लुगड्याचा पायाशी घोळणारा काठ, पोरांच्या चड्ड्यांची बसायची बाजू, एवढ्याच जागी ती वडी घासायची. बाकीच्या कपड्याला त्यातूनच सुटलेलं साबणपाणी पुरायचं. मग शिळेवर चुबकणं, धुपाटण्याचे मोजके फटके आणि वाहत्या पाण्यात खळबळणं. कपडा निघाला की नाही हे ती डोळ्यांनी पाहून ठरवत नसे. बोटांना बुळबुळीत लागायचं थांबलं की कपडा पिळायचा. लोकरीच्या आणि रेशमी कपड्यांना रिठे. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, त्याचाही भरपूर फेस होतो, आणि तो फेस काढायलाही पाणी लागतंच. म्हणून रिठेसुद्धा ती मोजूनच भिजत घालायची.

पाण्याच्या पृष्ठभागाला किती पुरतं, हे प्रयोगाने मोजण्याची वाट ज्या बाईने दाखवली तिचं नाव आपल्या घराघरांत माहीत असायला हवं होतं. अ‍ॅग्नेस पॉकेल्स. जन्म १८६२ सालचा, व्हेनिसमधला. आयुष्य गेलं ते जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये. त्या काळी तिथल्या विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता. धाकटा भाऊ फ्रिड्रिश भौतिकशास्त्र शिकायला गेला आणि ती घरी आईवडिलांची सेवा आणि स्वयंपाकघर सांभाळत राहिली. भांडी धुण्याच्या पाण्यावर तेलाचा आणि साबणाचा थर कसा वागतो, हे ती रोज पाहत होती. इतरांनीही ते पाहिलं होतंच. तिने ते मोजायचं ठरवलं. पत्र्याची लांबट उथळ पन्हाळी पाण्याने काठोकाठ भरायची, तिच्यावर आडवी ठेवलेली पत्र्याची पट्टी सरकवून पृष्ठभाग लहानमोठा करायचा आणि छोट्या तराजूने ताण मोजायचा, असं साधन तिने घरीच तयार केलं. पृष्ठभागावरच्या थराला ऐसपैस जागा असते तोवर ताण फारसा बदलत नाही. जागा आक्रसत एका ठरावीक मर्यादेला आली की तो एकदम उतरू लागतो, हे तिच्या ध्यानात आलं. जानेवारी १८९१ मध्ये तिने आपली निरीक्षणं लॉर्ड रॅले या इंग्लंडमधल्या थोर शास्त्रज्ञाला पत्राने कळवली. त्यांनी ते पत्र 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठवलं आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ते छापून आलं. पुढे अर्व्हिंग लँगम्यूर यांनी तिच्याच पन्हाळीची सुधारलेली आवृत्ती वापरून पृष्ठभागाच्या रसायनशास्त्राचा पाया घातला. त्यांना १९३२ चं नोबेल मिळालं. मला या हकिकतीत सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की घरकामाच्या पाण्याला नियम असतो आणि तो मोजण्याच्या योग्यतेचा असतो, असं एका बाईने मनापासून मानलं.

विसाव्या शतकात याच विषयावर आणखी एका माणसाने नीट विचार केला. हर्बर्ट सिनर हे जर्मनीतल्या हेन्केल कंपनीत डिटर्जंटचं काम पाहणारे रसायनशास्त्रज्ञ. १९५९ च्या सुमारास त्यांनी धुण्याचं एक वर्तुळ मांडलं. त्याचे चार भाग आहेत: रसायन, घासाघीस, तापमान आणि वेळ. स्वच्छता या चौघांनी मिळून पुरी करायची असते. एकाचा वाटा कमी झाला तर बाकीच्यांनी तो उचलायचा. धुलाईच्या धंद्यात आजही हे वर्तुळ शिकवलं जातं. ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या जुन्या घरातलं सबंध धुणं त्यात दिसलं. शिळा आणि धुपाटणं म्हणजे घासाघीस. बंबातलं कढत पाणी आणि परटाची वाफाळती भट्टी म्हणजे तापमान. आदल्या रात्री घमेल्यात भिजत घातलेली चादर म्हणजे वेळ. या तिघांनी पुष्कळसा भार उचललेला असे, म्हणून साबणाची एक वडी कितीतरी दिवस पुरायची.

आपण आज काय करतो? घाई असते म्हणून सगळ्यात छोटा कार्यक्रम लावतो, म्हणजे वेळ गेला. वीज वाचावी म्हणून गार पाणी ठेवतो, म्हणजे तापमान गेलं. एकाच खेपेत उरकावं म्हणून कपडे कोंबून भरतो, त्यांना आत उलटायलाही जागा राहत नाही, म्हणजे घासाघीस गेली. मग चौघांचं काम एकट्या साबणावर येऊन पडतं, आणि ते त्याच्याने होत नाही हे दिसलं की आपण त्याचीच मात्रा वाढवतो. खरं तर शर्टाच्या कॉलरवर थेंबभर साबण चोळून अर्धा तास ठेवलं, तर सबंध यंत्रात जादा झाकण ओतल्यापेक्षा ती कॉलर चांगली निघते. डिटर्जंटमधली मळ तोडणारी विकरं, म्हणजे घामाचे आणि दुधाचे डाग फोडणारं प्रोटीएज, भाताच्या पेजेवर चालणारं अमायलेज, फोडणीच्या तेलावर चालणारं लायपेज, यांना काम करायला वेळ लागतो. दुप्पट विकरं ओतून पंधरा मिनिटांचा तास होत नाही.

माप हरवलं कुठे, याचा विचार करताना मी एका निष्कर्षावर येऊन थांबले. हाताने धुताना साबण लावणारा आणि कपडे खळबळणारा माणूस एकच असायचा. एक मूठ पावडर जास्त पडली तर तिची किंमत त्याच सकाळी, त्याच कमरेने, आणखी दोन बादल्या पाणी ओतून चुकवावी लागायची. विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बाईच्या हातून मूठ सैल सुटत नसे, कारण पुढचा प्रत्येक हंडा तिलाच ओढायचा होता. साबणाचं माप साबणाच्या डब्यावर कधीच ठरत नव्हतं. ते ठरायचं शेवटच्या पाण्याने. जितका साबण काढून टाकणं आपल्याला परवडतं तितकाच लावायचा, हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता. तो खांद्यांना आणि मनगटांना ठाऊक होता.

सेमी-ऑटोमॅटिक यंत्राने हा धागा पूर्ण तोडला नाही. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत ही दोन टाक्यांची यंत्रं अजून चालतात, आणि ती वापरणाऱ्या बायकांची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. एकदा केलेल्या साबणपाण्यात आधी पांढरे कपडे फिरवायचे, मग रंगीत, मग कामावरच्या जाड पँटी आणि सगळ्यात शेवटी पायपुसणी. पाणी गढूळ होत जातं, फेस बसत जातो, साबण पुरेपूर वापरला जातो. मग बादलीत किंवा टाकीत स्वच्छ पाणी घेऊन खळबळताना किती साबण उरलाय ते डोळ्यांसमोर असतं. पुढच्या वेळी हात आपोआप आखडतो.

पूर्ण स्वयंचलित यंत्राने ओतणारा हात आणि खळबळणारा हात वेगळे केले. आपण ओततो, झाकण लावतो, बटण दाबून निघून जातो. साबण काढण्याचे सगळे कष्ट यंत्र घेतं आणि ते तक्रार करत नाही. बायकांच्या पाठीवरचं एवढं मोठं ओझं यंत्राने उतरवलं, याचं मोल मी कधीच कमी लेखणार नाही. गाठी आलेली बोटं आणि वाकलेल्या कमरा मी जवळून पाहिल्या आहेत. पण ओझ्याबरोबर ओझ्याने दिलेली समजही उतरली, ती परत मिळवायची तर यंत्राच्या आत काय चालतं ते माहीत करून घ्यावं लागतं.

समोरून उघडणारं यंत्र थोड्याशा पाण्यात धुतं. त्याच्या पिंपाच्या आतल्या बाजूला उंचवटे असतात. ते ओले कपडे वर उचलून नेतात आणि पाण्यात आपटतात. शिळेवर आपटण्याचंच हे काम आहे. साबण जास्त झाला की कपडे पाण्यात न पडता फेसाच्या गादीवर पडतात आणि मार हलका होतो. म्हणजे जास्त साबणाने धुणं उलट कच्चं होतं. पिळताना फेस पिंपाच्या आणि टाकीच्या मधल्या जागेत दाटला की पिंपाला वेग धरता येत नाही, पंपाला फेस उपसून टाकणं जड जातं. कितीतरी नवी यंत्रं फेस वाढल्याचं ओळखून स्वतःहून आणखी एक खेप पाणी घेतात. घड्याळात वेळ वाढलेली दिसते ती पुष्कळदा याच कारणाने. समोरून उघडणाऱ्या यंत्रासाठी केलेल्या पावडरीत आणि द्रवात फेस दाबणारी द्रव्यं मुद्दाम घातलेली असतात. त्यांचा फेस कमी दिसतो म्हणून जास्त घालणं म्हणजे त्या द्रव्यांच्या कामावर पाणी फिरवणं. आणि हाताने धुण्याची पावडर अशा यंत्रात घालूच नये, कारण ती भरपूर फेस यावा म्हणूनच बनवलेली असते.

उरलेला साबण मागे खुणा ठेवतो. टॉवेल कडक होतात आणि पाणी नीट टिपत नाहीत. काळ्या कपड्यांवर पांढुरकी भुकटी दिसते. कॉलरच्या आणि कमरपट्ट्याच्या ठिकाणी अंगाला खाज सुटते. तान्ह्या बाळाच्या लंगोटांच्या बाबतीत हे आधी लक्षात येतं, कारण त्याची कातडी नाजूक. साबणाचा आणि मळाचा चिकट थर दाराच्या रबरी घडीत, साबणाच्या खणात आणि टाकीच्या न दिसणाऱ्या बाजूला साचतो, त्यावर बुरशी आणि जंतू वाढतात, आणि कपडे धुणाऱ्या यंत्रालाच कुबट वास येऊ लागतो. घरी करून पाहण्यासारखी एक साधी परीक्षा आहे. धुऊन वाळलेले दोनतीन टॉवेल साबण न घालता नुसत्या पाण्यात फिरवायचे. काचेवर फेस आला तर तो आजचा नाही. आधीच्या धुण्यांतला साबण टॉवेलांत बसून राहिला होता, तो आता सुटतोय.

माप ठरवण्यात सगळ्यात मोठा वाटा पाण्याचा असतो आणि त्याचाच विचार सगळ्यात कमी होतो. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा यांच्या तलावांतून मिळणारं पाणी म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पडून साठलेला पाऊस. पुण्याला खडकवासल्यातून येणारं पाणीही तसंच. ते मऊ असतं, साबण त्यात चटकन फुलतो. बोअरचं पाणी जमिनीखाली खडकात दीर्घकाळ मुरलेलं असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरलेले असतात. साध्या साबणाशी या क्षारांचा संयोग झाला की पाण्यात न विरघळणारी साय बनते आणि कपड्यावर बसते. डिटर्जंट हे पुष्कळसं सोसतं, पण त्याचाही काही भाग क्षारांना आवरण्यात खर्च होतो. त्यासाठीच पावडरीत धुण्याचा सोडा किंवा झिओलाइट घातलेलं असतं. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी. चालणाऱ्या पाण्यातच तिपटीचा फरक असेल, तर सगळ्या घरांना एकच झाकण कसं पुरेल?

मी राहते त्या पुण्याच्या पश्चिम भागात उन्हाळ्यात महापालिकेचं पाणी अपुरं पडतं आणि इमारतीच्या टाकीत बोअरच्या पाण्याचा टँकर रिकामा होतो. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी नळाखाली हात धरताच सांगतात, "ताई, आज टँकरचं पाणी आलंय, साबण धरत नाही." तूरडाळ शिजायला लागणारा वेळ आणि नळाच्या तोंडावर जमणारी पांढरी खपली त्याचीच साक्ष देतात. त्या दिवशी थोडा जास्त साबण लागतो, हे खरं. पण पाऊस लागून धरणाचं पाणी परत आलं की मात्रा खाली आणायची आठवण ठेवावी लागते. वाढवलेलं माप मुक्कामाला राहतं, हा सगळ्या घरांचा अनुभव आहे.

लंडनला राहणाऱ्या माझ्या भाचीकडे पावडरीच्या खोक्यावर एक तक्ता पाहिला. पाणी मऊ, मध्यम की जड, आणि कपडे कमी मळके, साधारण की जास्त मळके, अशा रकान्यांत वेगवेगळी मापं छापलेली. युरोपात २००४ च्या नियमावलीने पाण्याच्या जडपणाप्रमाणे मापं देणं बंधनकारक केलं. यंत्रातल्या नेहमीच्या धुण्याच्या डिटर्जंटसाठी साडेचार किलो कोरडे कपडे हा भार धरून ही मापं द्यायची असतात. लंडनचं पाणी चांगलंच जड. ते किती जड हे तिला आपल्या पत्त्यावरून पाणी कंपनीकडून कळतं, आणि ती त्या रकान्याप्रमाणे घालते. आपल्या शहरांतल्या पाण्यात मोहल्ल्यागणिक फरक आहे, ऋतूप्रमाणे फरक आहे. असा तक्ता मराठीत प्रत्येक पाकिटावर असावा, आणि पालिकेने आपल्या पाण्याची कठीणता वॉर्डाप्रमाणे सांगावी, असं मला फार वाटतं. ही मागणी छोटी आहे आणि रोजच्या उपयोगाची आहे.

पाण्यानंतर मळ. कचेरीत दिवसभर पंख्याखाली बसलेल्या माणसाच्या शर्टात काय असतं? थोडा घाम, थोडी धूळ. उसाच्या फडात राबलेल्या, गवंडीकाम केलेल्या, गॅरेजमध्ये गाडीखाली झोपून काम करणाऱ्या माणसाच्या कपड्यांत माती, सिमेंट, ग्रीस असतं. या दोघांच्या कपड्यांना सारखाच साबण घालणं म्हणजे मळाचा नीट विचार न करणं आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे कपडे मळलेले नसतात, नुसते घातलेले असतात. पावसाळ्यात कपड्यांना वास येतो तेव्हाही हात साबणाकडे जातो. पण तो वास दोरीवर दोनदोन दिवस ओल्या राहिलेल्या कपड्यात वाढणाऱ्या जंतूंचा असतो. त्याला वारा हवा, जास्तीची पिळणी हवी, कपडे एकमेकांपासून लांब वाळत घालायला हवेत. वाढीव साबण धाग्यात राहिला तर त्या जंतूंना आणखी एक आसरा मिळतो.

स्वच्छतेची आपली कल्पनाही गेल्या काही पिढ्यांत बदलली. भारतात सर्फ १९५९ मध्ये आलं. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा सुरू केली आणि पावडर सामान्य माणसाच्या मोरीपर्यंत पोचली. हे चांगलंच झालं, कारण कष्ट कमी झाले. पण जाहिरातींतून पांढरेपणा हीच स्वच्छतेची एकमेव खूण बनली. पावडरीतली चमक आणणारी द्रव्यं उन्हातले न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश परत देतात, आणि पिवळट कपडा डोळ्यांना पांढरा भासतो. घरोघरी कपड्यांना नीळ द्यायचे त्यामागेही निळसर झाकेचंच तत्त्व होतं. ही द्रव्यं मळ काढत नाहीत. तेव्हा पांढरेपणा वाढावा म्हणून जादा पावडर घातली, तर आपण कपड्यावर रंग चढवत असतो.

आणि हा सगळा साबण जातो कुठे? यंत्राच्या नळीतून मोरीत, मोरीतून गटारात, गटारातून नदीत. जगाने याचा धडा एकदा घेतला आहे. १९५० च्या दशकात वापरात असलेल्या डिटर्जंटच्या रेणूंना फांद्या होत्या, त्यामुळे पाण्यातल्या जंतूंना ते सहज खाता येत नसत. जर्मनीतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. तिथे १९६१ मध्ये कायदा झाला, अमेरिकेतही १९६५ च्या सुमारास कंपन्या सरळ साखळीच्या रेणूंकडे वळल्या. आज आपल्या पावडरींत असतात ते हेच रेणू. जंतू त्यांना खाऊ शकतात. पण त्यासाठी पाण्यात प्राणवायू हवा आणि सांडपाणी नदीत सोडण्याआधी शुद्ध व्हायला हवं. जिथे या दोन्हींचा अभाव असतो तिथे फेस परत येतो. गेली काही वर्षं आळंदीला इंद्रायणी फेसाने झाकून गेल्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांत येतात, आणि ती माउलींच्या पालखीच्या दिवसांतही येतात. कारखान्यांचं रसायन आणि शहरांचं शुद्ध न केलेलं सांडपाणी ही त्याची कारणं सांगितली जातात, आणि त्यांचा बंदोबस्त ही शासनाची, पालिकांची आणि कारखानदारांची जबाबदारी आहे. ती त्यांनी पार पाडलीच पाहिजे. पण त्या सांडपाण्यात आपल्या मोऱ्यांचं पाणी आहे, आणि कामाविना ओतलेला साबण पुरता आपल्या हातचा आहे.

हाताने धुताना जास्त साबणाचं ओझं आपल्या पाठीवर पडायचं. यंत्राने ते उचललं, पण ओझं नाहीसं झालं नाही. आधी ते टाकीतल्या जादा पाण्यावर गेलं आणि नंतर नदीवर. आपण न खळबळलेला साबण आता नदी खळबळत बसली आहे. तिच्याकडे तेवढं वाहतं पाणी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, अशा राज्यात आपण राहतो. इथे एक चमचा साबण जास्त पडला तर तो काढायला लागणारी बादली कुणाच्या तरी वाट्यातून येते.

म्हणून मी माझ्या घरी मापाची एक रीत ठेवली आहे, आणि ती सांगण्याइतकी चांगली आहे असं मला वाटतं. झाकणाने ओतायचं नाही, मोठ्या चमच्याने मोजायचं. धरणाचं मऊ पाणी, अर्धं भरलेलं पिंप आणि रोजचे कपडे असतील तर आमच्या द्रव साबणाचे दोन मोठे चमचे पुरतात. टँकरचं पाणी असेल किंवा चादरी असतील तर तीन. डाग असेल तिथे थेंबभर आधीच चोळून ठेवायचा. पिंपात वरच्या बाजूला तळहात उभा राहील एवढी जागा सोडायची. नवा साबण आणला की पाकिटावरच्या मापाच्या खाली सुरुवात करायची, कपडे निघाले नाहीत तर थोडं वाढवायचं. उरलेला साबण कपड्यांतून काढण्यापेक्षा कमी पडलेला घालणं सोपं असतं.

हे माप माझ्या घरचं आहे. तुमचं पाणी वेगळं, कपडे वेगळे, यंत्र वेगळं, त्यामुळे माझा चमचा तुमच्या कामाचा नाही. पण त्यामागची परीक्षा सगळ्यांच्या कामाची आहे. आपल्याकडे बऱ्याच घरांत यंत्राची नळी न्हाणीघराच्या फरशीवरच सोडलेली असते. शेवटच्या खेपेचं पाणी बाहेर पडताना तिथे जाऊन उभं राहावं. ते नितळ आलं तर माप बरोबर. फरशीवर फेस पसरला तर उद्या चमचा कमी करावा. घरातल्या ज्या कोणाच्या हातात साबणाची बाटली असेल, बाई असो, पुरुष असो, कॉलेजातला मुलगा असो, त्याने आठवड्यातून एकदा हे शेवटचं पाणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, एवढंच माझं मागणं आहे.